तारीख आपोआप येते

प्रेमानंद तायडेचा फोटो स्टुडिओ नांदुऱ्यात स्टेशन रोडला आहे. पोट भरायला तो लग्नांचे फोटो काढतो आणि मन भरायला गावाचे. रोज पहाटे गडी कॅमेरा गळ्यात अडकवून मोटरसायकलवर निघायचा आणि काहीतरी टिपून आणायचा. कधी रेल्वे फाटक, कधी जिनिंगबाहेर लागलेली कापसाच्या गाड्यांची रांग, कधी एसटी स्टँडवर एकटीच घुरघुरत उभी असलेली बस, कधी धान्य बाजाराच्या ओट्यावर दाणे टिपणारी कबुतरं. ऊन वर यायच्या आत फोटो गावाच्या ग्रुपवर पडायचा. खाली पिवळ्या अक्षरांत ‘नांदुऱ्याची सकाळ’ आणि त्याखाली तारीख. पुण्याला, सुरतेला गेलेली नांदुऱ्याची पोरं चहाआधी तो फोटो बघायची. ज्या फाटकापाशी तिष्ठत उभं राहून त्यांनी रेल्वेच्या सात पिढ्या उद्धरल्या, त्याच फाटकाला आता ती लाल बदाम पाठवायची. गाव सुटलं की गाव गोड लागतं, ही काही नवी गोष्ट नाही.

फोटोपेक्षाही लोकांना कौतुक होतं ते त्याच्या नेमाचं. पाऊस असो, ताप असो, घरी मयत असो, प्रेमानंदचा खाडा नाही. तो स्वतःही हे चारचौघांत सांगायचा, आणि सांगून झाल्यावर ‘त्यात काय एवढं’ असंही म्हणायचा.

तो पहिल्यांदा चुकला तो जानेवारीत. रोहिणखेडला एका निकाहनंतरच्या वलिम्याची ऑर्डर होती. जेवणावळी लांबल्या, परतीला धुकं लागलं, घरी येऊन आडवा झाला तेव्हा पाखरं बोलायला लागली होती. बायकोनं, रेणुकानं हलवून उठवलं तेव्हा ऊन अंगणात आलेलं आणि ग्रुपवर तीन जणांनी विचारलेलं, ‘आज सकाळ झाली नाही का?’

त्याने अंथरुणातच लॅपटॉप ओढला. रोज तो पाच-पंचवीस फोटो काढायचा आणि त्यातला एकच टाकायचा. उरलेले डिस्कमध्ये पडून असायचे. धुक्यातला एक त्याला सापडला. नांदुरा स्टेशनचा फलाट, दिव्याभोवती पिवळं कडं, लिंबाचं झाड अर्धं दिसणारं अर्धं गिळलेलं, एक लोखंडी बाक. चार वर्षांपूर्वीचा, जानेवारीतलाच. फलाट तोच, लिंब तोच, धुकंही तसंच. नांदुऱ्यात काय बदलतं? त्याने तो मोबाइलवर घेतला. पिवळी अक्षरं आणि तारीख मोबाइल आपोआप टाकतो. तारीख आजची आली. फोटो गेला, बदाम आले, आणि प्रेमानंद कूस बदलून पुन्हा झोपला.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत चिंतामण सर बसले होते. सर हायस्कुलातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण गावाला शिकवायचं त्यांनी सोडलं नव्हतं. सव्वीस जानेवारीला वाचनालयात प्रेमानंदचा सत्कार करायचं त्यांनी ठरवलं होतं आणि शाल कुठल्या रंगाची घ्यावी यावर त्यांचं बोलणं चाललं होतं. तेवढ्यात दोन बायका आत आल्या. एक गावातलीच, भीमनगरातली कोकिळा. दुसरी तिची मोठी बहीण, बेबीताई. चिखली तालुक्यातल्या उंद्रीहून सकाळच्या गाडीने आलेली. तिने पदराखालून मोबाइल काढला. कोकिळाने ग्रुपवरून पाठवलेला फोटो उघडून प्रेमानंदपुढे धरला.

“जय भीम भाऊ. हा फोटो तुमचाच व्हय ना?”

“जय भीम. हाव, मायाच.”

“कालचा?”

प्रेमानंदने तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, “कालचाच, बाई. तारीख दिसत नाही का? आमचा प्रेमानंद शिळं वाढत नाही कोणाले.”

“हाव,” प्रेमानंद म्हणाला. “कालचाच.”

बेबीताईने दोन बोटांनी फोटो मोठा केला. बाकावर एक पोरगा बसला होता. मांडीवर बॅग, अंगात चौकड्यांचा शर्ट, चेहरा अर्धा उजेडात. प्रेमानंदने हा फोटो काढला, निवडला, पाठवला. पण बाकावर कोणी आहे हे त्याच्या खरं तर आत्ता लक्षात आलं.

“हा माया दीपू हाये,” बेबीताई म्हणाली. “धम्मदीप. चार वर्षं झाले घरातून गेला त्याले. पोलीस भरतीत धावण्यात मागं राह्यला, तवा याच्या बापानं रागारागात म्हटलं त्याले, खायले काळ अन् भुईले भार. सकाळी उठून पाह्यलं तं अंथरुण रिकामं. हा पाहा ना, हा असाच बसते, एक पाय अंगाखाली घेऊन. मायाच सारखा.” आणि ती रडायला लागली. कोकिळाही रडायला लागली.

खरं बोलायची वेळ हीच होती. ‘ताई, थांबा, फोटो जुना आहे,’ एवढं एक वाक्य. ते प्रेमानंदच्या जिभेवर आलंही होतं. पण चिंतामण सरांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “पाह्यलं का प्रेमानंद? तुझ्या कलेनं एका माउलीला तिचं लेकरू दाखवलं. याच्यापुढे माझी शाल काय रे?” आता या माणसाला काय सांगायचं, की मी झोपलो होतो? प्रेमानंदने वाक्य गिळलं. बेबीताईसाठी पाणी मागवलं.

बेबीताई उंद्रीला परत गेली नाही. बुडत्याला काडीचा आधार पुरतो, हिला तर सबंध फलाट मिळाला होता. बहिणीकडे रात्री पाठ टेकायची आणि उजाडलं की स्टेशनवर येऊन त्या बाकावर बसायची. गाडी आली की उठायची, डब्याडब्यासमोरून चालत जायची, गाडी गेली की परत बसायची. फलाटावर चहा विकणारा निवृत्ती तिला न मागता चहा द्यायला लागला. पोराचा मोठा केलेला चेहरा ग्रुपवर फिरला, तिथून मलकापूर, शेगाव, अकोल्याच्या ग्रुपवर गेला. मग तो दिसायलाही लागला. कोणाला मलकापूरला हॉटेलात ताटं उचलताना दिसला, कोणाला जलंबला. कोकिळाचा नवरा कामधंदा सोडून दोनदा मलकापूरला जाऊन आला. असा चेहरा हजारांचा असतो, आणि चांगलं काम करायची हौसही लोकांना असते.

प्रेमानंदने स्टेशनकडे जाणं सोडलं. आता रोज नदी, नाहीतर बाजार. फोटो पूर्वीसारखेच निघत होते, कौतुकही तेवढंच होत होतं, पण बदाम यायला लागले की तो मोबाइल पालथा ठेवायचा.

घरात एक माणूस असं होतं ज्याला तारीख दाखवून फसवता येत नव्हतं. “त्या दिवशी तुम्ही ऊन वर आलं तरी घोरत होते,” रेणुका भाकरी थापता थापता म्हणाली. “मीच उठवलं तुम्हाले.”

“हळू बोल.”

“हळूच बोलून राह्यली. पण ती बाई तिथं बसेल हाये, थंडीत. तुम्ही तिले काऊन सांगत नाही?”

“सव्वीसचा कार्यक्रम होऊ दे. मंग सांगतो. सर तोंडघशी पडतीन ना. पत्रिका छापल्या त्यायनं.”

“म्हणजे सरायचा कार्यक्रम होईपर्यंत तिनं गाड्या मोजाच्या.” तिने भाकरी तव्यावर टाकली आणि पुढची थापायला घेतली. रेणुका भांडली असती तर बरं झालं असतं, असं प्रेमानंदला वाटलं.

खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. पण गोटा यायला वेळ लागतो. तोवर कपाळाला अक्षता लागतात आणि खांद्यावर शाल पडते. सव्वीस जानेवारीला वाचनालय भरलं होतं. सर बोलायला उभे राहिले की खाली बसायचं विसरतात, तसे विसरले. गाव म्हणजे काय, गावाकडे बघणं म्हणजे काय, सगळं झालं. आणि मग त्यांनी कोणालाही न विचारता ठरवून टाकलेली गोष्ट केली. सत्काराचा पुष्पगुच्छ द्यायला त्यांनी बेबीताईला स्टेजवर बोलावलं. ती कोकिळाचं चांगलं लुगडं नेसून आली होती. तिने गुच्छ दोन्ही हातांनी दिला, आणि मग सगळ्यांसमोर प्रेमानंदपुढे हात जोडून वाकली. टाळ्या थांबेनात. प्रेमानंदने त्या क्षणी मेलो तर बरं असं म्हटलं मनात. पण असं म्हणून कोणी मरत नाही. त्याने शाल सावरली आणि फोटोसाठी समोर पाहिलं.

त्यानंतरच्या रविवारी, स्टुडिओ नुकता उघडला होता, तेव्हा एक पोरगी पायरीवर येऊन उभी राहिली. बेबीताईची मुलगी, सारिका. आईला न्यायला आली होती आणि आई यायला तयार नव्हती.

“मायं लग्न हाये पुढच्या महिन्यात,” ती खाली बघत म्हणाली. “आई म्हणते, दीपूदादा येऊन राह्यला, त्याच्याबिगर लग्न नाही करत. पोराकडचे दोनदा येऊन गेले. म्हणतात, चार वर्षं गायब हाये त्याच्यासाठी आमी कुठंवर थांबाचं? आजच्या आज सांगा, नाहीतं दुसरी पोरगी पाहतो.” मग तिने वर पाहिलं. “भाऊ, तुम्ही त्या दिवशी आणखीही फोटो काढले असतीन ना. एखाद्यात दिसते का पाहा ना. कोणासंग होता, कोणत्या गाडीनं आला. तेवढं जरी समजलं तं मी आईले घरी नेतो. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी गेला तो. तवापासून आमच्या घरी तिळगूळ केला नाही कोणी.”

“पाहतो,” प्रेमानंद म्हणाला. “तू हो पुढं.”

ती गेल्यावर त्याने लॅपटॉपवर ती जुनी सकाळ उघडली. पंधरा जानेवारी. संक्रांतीचा दुसरा दिवस. म्हणजे पोरगा घरातून निघाला तीच सकाळ. त्या सकाळचे सगळे फोटो त्याने एकामागून एक पाहिले. दिवा, धुकं, लिंब; आणि प्रत्येकात बाकावर तो. एकात खाली बघतोय. एकात हात काखेत दाबलेत. एकात सरळ कॅमेऱ्याकडे बघतोय, काही विचारायचं असल्यासारखा. शेवटच्या फोटोत बाक रिकामा आणि गाडीचा मागचा डबा धुक्यात शिरतोय. प्रेमानंदने ते फोटो मूळ तारखेसकट मोबाइलवर घेतले, स्टुडिओचं शटर अर्धं ओढलं आणि तो चालत स्टेशनवर गेला.

बेबीताई बाकावर होती, एक पाय अंगाखाली घेऊन. सारिका तिच्या पायाशी बसली होती. त्याला पाहून बेबीताई सरकली आणि त्याला जागा केली.

“या भाऊ. चहा घेता का? निवृत्तीभाऊ येईनच आता.”

तो बसला नाही. “ताई, तो फोटो त्या दिवशीचा नव्हता.”

“कोणता?”

“दीपूचा. जुना होता. मी त्या दिवशी झोपेल होतो, म्हणून जुना टाकला.”

“तारीख होती ना त्याच्यावर.”

“तारीख मोबाइल टाकते. आपोआप येते.”

तेवढ्यात मालगाडी आली. कोळशाचे डबे संपता संपेनात. त्या धडधडाटात कोणाला काही बोलता येण्यासारखं नव्हतं. ती गाडी संपूच नये, असं प्रेमानंदला वाटलं. ती संपली.

“कवाचा हाये मंग?” बेबीताईने विचारलं.

त्याने मोबाइल पुढे केला. सारिकाने तारीख वाचली आणि ओढणीत तोंड घातलं. बेबीताईला वाचायची गरज पडली नाही. ती पोरीच्या तोंडाकडे बघूनच समजली.

“गेला त्या दिवशीचा,” ती म्हणाली. मग रुळांकडे तोंड करून म्हणाली, “म्हणजे हिरीत नाही गेला.” उंद्रीत लोकांनी तेव्हा विहिरीत गळ टाकून पाहिलं होतं. काही सापडलं नव्हतं, पण तिच्या नवऱ्याने, इंद्रभानने, त्या दिवसापासून त्या विहिरीचं पाणी तोंडी लावलं नव्हतं. “बसला का तो गाडीत?”

प्रेमानंदने शेवटचा फोटो दाखवला. “बसला असन, ताई. तसंच वाटते. पुढचं मले नाही माहीत.”

तिने मान हलवली. मग बाकाखालची पिशवी वर ओढली आणि तिच्यातून एक शर्ट काढला. कोरा, आकाशी रंगाचा, कॉलरला पुठ्ठा आणि टाचण्या तशाच.

“फोटोत त्याच्या अंगात तोच शर्ट दिसला मले, जाताना घातला होता तो. मी कोकिळाले म्हटलं, चार वर्षं झाले अन् पोराले दुसरा शर्ट भेटला नाही वं. काय हाल झाले असतीन त्याचे. म्हणून हा घेतला.” ती शर्टावरून हात फिरवत राहिली. “मले तवाच समजाले पाह्यजे होतं. मीच येडी.”

तिने थोबाडीत मारली असती तरी प्रेमानंदला इतकं लागलं नसतं. “येडे तुम्ही नाही ताई,” तो म्हणाला. “तुम्ही इचारलं, अन् मी खोटं बोललो.”

“काऊन बोलले?”

“सर बसेल होते.”

“सर,” ती म्हणाली. तिला ते खरंच समजून घ्यायचं होतं, असं तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, आणि ते तिला समजलं नाही. तिने शर्ट पिशवीत ठेवला आणि उठली. “मंग चाला आता उंद्रीले. मी साऱ्या गावाले सांगून आली का पोरगं दिसलं. पोराकडच्यायले सांगतलं. आता मी कोण्या तोंडानं सांगू का नाही दिसलं? तुम्ही दाखवला, तुम्हीच सांगा.”

त्याने मोबाइल खिशात घातला आणि तो मायलेकींच्या मागे निघाला. खामगावला गाडी बदलावी लागते. तिथल्या स्टँडवर उभं राहून त्याने ग्रुपवर लिहिलं, ‘स्टेशनचा तो फोटो चार वर्षांपूर्वीचा होता. खोटी तारीख माझ्यामुळे गेली. त्या मुलाला शोधत कोणी कुठे जाऊ नका.’ चिंतामण सरांचा फोन लगेच आला. त्याने तो वाजू दिला. मायलेकी पुढच्या सीटवर बसल्या होत्या आणि उंद्रीपर्यंत दोघींपैकी कोणी मागे वळून पाहिलं नाही.

रविवार म्हणून विहारात वंदनेला लोक जमले होते. बेबीताई त्याला सरळ तिथेच घेऊन गेली. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. इंद्रभान भिंतीला टेकून बसला होता. वाळलेला माणूस, कपाळावर मफलर. प्रेमानंद मागे सतरंजीवर बसला आणि सगळ्यांबरोबर पंचशील म्हणू लागला. लहानपणापासून झोपेतही म्हणता येईल असं ते. पण ‘मुसावादा वेरमणी’ आलं आणि त्याचा आवाज बाहेर पडेना. खोटं बोलण्यापासून दूर राहीन, एवढाच त्याचा अर्थ. बाकीचे पुढे गेले, तो मागे राहिला.

वंदना संपली तेव्हा बेबीताई म्हणाली, “हे नांदुऱ्याचे भाऊ हायेत. यायले काही सांगाचं हाये.”

तो उभा राहिला आणि त्याने सांगितलं. रोहिणखेडचं लग्न, झोप, जुना फोटो, सरांसमोरचं ‘हाव’, सत्कार, सगळं. सांगताना काही वगळावंसं वाटलं ते त्याने वगळलं नाही. माणसं कुजबुजली, एकजण मोठ्याने काही बोलला, दुसऱ्याने त्याला बसवलं. शेवटी प्रेमानंद म्हणाला, “सारिकाचं लग्न याच्यापाई अडलं. पोराकडच्यायले मी स्वतः जाऊन सांगतो. तुम्ही म्हणसान तं आताच जातो.”

सगळे इंद्रभानकडे बघत होते. इंद्रभानने मोबाइल मागितला. बाकावर बसलेल्या पोराचा फोटो त्याने डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. ज्यात पोरगा कॅमेऱ्याकडे बघत होता तो.

“तुम्ही त्याच्यापासून किती लांब होते?” त्याने विचारलं.

“जवळच होतो. हाक मारली असती तं ऐकू आलं असतं.”

“काही बोलला का तो तुमच्याशी?”

“नाही.”

“रडत होता का?”

प्रेमानंदला खोटं बोलणं आता फार सोपं होतं, आणि या वेळी ते दयेचंही ठरलं असतं. ‘नाही, शांत होता,’ एवढं म्हणायचं. इंद्रभान त्याच्या तोंडाकडे बघत होता.

“मले माहीत नाही, काका,” तो म्हणाला. “मी त्याले पाह्यलंच नाही. मी धुकं पाहून राह्यलो होतो.”

इंद्रभानने मोबाइल त्याच्या हातात परत दिला. नजर सतरंजीवर होती.

“तुमचं तं काय, भाऊ,” तो म्हणाला. “तुम्ही परके. माया तं घरात होता तो, बावीस वर्षं. मीबी नाही पाह्यलं.”